प्रकल्प नोंदी : ‘कळस’ या शब्दाचे टिपण

३ जून २०२४

मंदिरस्थापत्यातले शब्द मराठी साहित्यात कसकसे वापरले गेले, याची टिपणे तयार करण्याच्या आमच्या लहानशा उपक्रमात माझ्या वाट्याला नऊ शब्द आले आहेत. गाभारा, ओवरी, पायरी आणि महाद्वार या शब्दांना बराच वेळ लागेल असा अंदाज असल्यामुळे हात बसावा म्हणून सोप्या शब्दापासून सुरुवात करावी, असे ठरवून मी ‘कळस’ घेतला. प्रत्येक शब्दाला दोन छापील पानांची मर्यादा आहे. आज केलेला पहिला खर्डा असा आहे : ‘कळस : देवळाच्या शिखराचा सर्वांत उंच भाग, लक्षणेने पराकाष्ठा.’ एका ओळीतच सगळे आटोपल्यासारखे वाटते आहे आणि उरलेल्या पावणेदोन पानांत काय भरावे, हा प्रश्न पडला आहे.

६ जून

व्युत्पत्तीचा भाग पुरा केला. संस्कृत ‘कलश’ म्हणजे पाण्याचे भांडे. प्राकृतात ‘श’चा ‘स’ झाला, मराठीत दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि ‘कळस’ हे रूप सिद्ध झाले. मात्र मूळ शब्दही मराठीने टाकून दिला नाही. पूजेत चौरंगावर आंब्याचे डहाळे आणि नारळ ठेवून मांडतात तो कलश, देवळावर बसवतात तो कळस, डोक्यावर किंवा कमरेवर पाणी आणतात ती कळशी, आणि ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ या म्हणीतला तो कळसा. एकाच भांड्याची ही चार नावे चार ठिकाणी कामाला लावलेली आहेत, आणि बोलणाऱ्याला ती कधी एकमेकांची भावंडे वाटत नाहीत. कळसा काखेत असतो आणि कळस आभाळात, ही गंमत त्या म्हणीत मला आजवर दिसली नव्हती.

समासांची एक गोष्ट टिपून ठेवतो. निमंत्रणपत्रिकांवर बहुधा ‘कलशारोहण सोहळा’ असे छापतात. ‘आरोहण’ संस्कृत असल्यामुळे त्याला जोडही संस्कृत शब्दाचीच दिली जाते, हे समजण्यासारखे आहे. मग ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या, अठराव्या अध्यायाला म्हणतात तो ‘कळसाध्याय’ कसा झाला? ‘अध्याय’ही संस्कृतच आहे, पण ‘कलशाध्याय’ असे कोणी म्हणत नाही. हा समास व्याकरणाच्या वाटेने आलेला नसून ज्ञानेश्वरीच्या वाटेने आलेला आहे, असा माझा तर्क आहे. मूळ ओव्या पुन्हा पाहून मगच त्याविषयी लिहीन.

११ जून

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो होतो. एका कारखान्यात तांब्याचा कळस तयार होत होता. एका गावच्या देवळासाठी तो पुढच्या महिन्यात जायचा आहे. मी उभा कळस पाहायला मिळेल या अपेक्षेने गेलो, तर समोर जमिनीवर पाच सुटी भांडी पडलेली होती. एक पसरट बैठक, त्यावर यायची गोल कडी, एक फुगीर पोट, एक अरुंद गळा आणि अखेरीस कळीसारखे टोक. हे सारे भाग आतून पोकळ असतात आणि मधल्या लोखंडी गजात एकावर एक ओवले जातात. पोटाचा भाग कुशीवर ठेवलेला होता, आणि संदर्भ ठाऊक नसता तर तो न्हाणीघरातला हंडा आहे असेच मी म्हटले असते. गावातून मुठीएवढा दिसणारा कळस इथे माझ्या छातीला लागत होता.

पत्र्यावर मठाराचे ठोके इतके जवळजवळ होते की बोट फिरवले तर माशाच्या खवल्यांवरून फिरवल्यासारखे लागत होते. इतक्या उंचावर हे ठोके कोणाला दिसणार, असे मी विचारले. हातोडी न थांबवता कारागीर म्हणाले, “दिसायला नाहीत ते. ठोक्यानं पत्रा ताठ राहतो, आणि ऊनही चांगलं धरतो.” थोड्या वेळाने त्यांनी स्वतःहून सांगितले, “साहेब, कळस म्हणजे काय, एकावर एक रचलेली भांडीच की.” व्युत्पत्तीसाठी मी दोन दिवस कोश उलगडत बसलो होतो, आणि ह्यांनी ती एका वाक्यात मांडून दिली.

१३ जून

कळसूबाईचे शिखर (१,६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच) ‘कळस’च्या टिपणात घ्यावे, अशी एक सूचना आली. घेणार नाही. लोककथेत कळसू हे एका मुलीचे नाव आहे आणि शिखर तिच्यावरून ओळखले जाते. सर्वांत उंच म्हणून कळस, ही जुळणी कानाला गोड वाटते, एवढाच तिचा आधार आहे.

१६ जून

दोन दिवस ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या आरंभावर घालवले. सगळे टिपण इथेच आहे, हे आता लक्षात आले. प्रारंभीचे नमन संपले की ज्ञानदेव या अध्यायाला ‘गीतारत्नप्रासादाचा कळसु’ म्हणतात आणि लगेच लोकव्यवहाराचा दाखला देतात : ‘लोकीं तरी आथी ऐसें । जे दुरूनि कळसु दिसे । आणि भेटीचि हातवसे । देवतेची तिये ॥’ दुरून कळस दिसला तरी देवतेची भेट हाती आल्यासारखीच असते. तशी या एका अध्यायात सारी गीता दिसते.

दुसरा कवी असता तर ही उपमा इथेच संपली असती. ज्ञानदेव मात्र गवंड्याच्या नेटाने पुढे जातात. व्यास हा बळकट ‘सूत्री’, म्हणजे दोरी धरून बांधकाम आखणारा सूत्रधार. तो वेदरूपी रत्नांच्या डोंगरावर उपनिषदांच्या अर्थाचे पठार खणतो. खणताना जो अपार राडारोडा निघाला, त्यातून भोवती महाभारताचा कोट उभा केला. मधल्या निवडक, चोख दगडातून कृष्णार्जुनसंवाद घडवला. मग पंधरा अध्यायांच्या पंधरा भूमी, म्हणजे शिखराचे थर, एकावर एक चढल्या. पुढच्या ओव्या मी खर्ड्यात जशाच्या तशा ठेवल्या आहेत : ‘उपरी सोळावा अध्यायो । तो ग्रीवाघंटेचा आवो । सप्तदशु तोचि ठावो । पडघाणिये ॥ तयाहीवरी अष्टादशु । तो अपैसा मांडला कळसु ॥’

भूमी, ग्रीवा (मान), घंटा (घंटेच्या आकाराचा भाग), पडघाणी, कळस आणि त्यावर व्यासांच्या नावाचा ध्वज, हा क्रम कवीच्या कल्पनेतला नाही. देऊळ खालून वर ज्या क्रमाने चढत जाते, तोच हा क्रम आहे. महाराष्ट्रातल्या यादवकाळाच्या आसपासच्या भूमिज शैलीच्या देवळांत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी भूमीगणिक लहान होत वर जातात. सिन्नरचे गोंदेश्वर पाहिलेल्या माणसाला ही ओवी वाचताना दगड दिसू लागतात. पंधरा भूमींचे देऊळ मी कुठे पाहिलेले नाही. तिथे गीतेने स्थापत्याला थोडे ताणले आहे. पण शके १२१२ मध्ये नेवाशाला ही टीका ऐकणाऱ्या श्रोत्यांना ‘पडघाणी’ म्हणजे कळसाची बैठक हे समजावून सांगावे लागत नव्हते, एवढे नक्की. तांबट आळीत जमिनीवर पडलेले पहिले भांडे तेच होते, आणि त्याचे नाव विचारण्याचे मला सुचले नाही, याची आज चुटपुट लागली.

‘कळसाध्याय’विषयीचा तर्क टिपणात तर्क म्हणूनच घालतो. ज्ञानदेवांनी ‘कळसु’ म्हटले म्हणून अध्यायही कळसाध्याय झाला.

२० जून

खर्डा गटातल्या ज्येष्ठ बाईंना वाचायला दिला होता. त्यांनी कित्येक वर्षे शाळेत संस्कृत शिकवले आहे आणि त्या पानाच्या समासात फार काही लिहीत नाहीत. आज पान परत आले, तेव्हा माझ्या पहिल्याच ओळीतला ‘सर्वांत उंच भाग’ त्यांनी अधोरेखित केला होता आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते : ‘अहो, उंचीच सांगायची होती तर माउलींनी शिखर का म्हटले नाही?’

माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून दोन्ही शब्दांबरोबर येणारी क्रियापदे मांडून पाहिली. शिखर गाठतात, शिखर सर करतात, शिखरावर पोहोचतात आणि शिखरावरून उतरतात. कळस चढवतात, कळस बसवतात, कळस मांडतात. शिखर डोंगरालाही असते, कळस फक्त बांधलेल्या वस्तूला असतो. पहिला शब्द चढणाऱ्याचा आहे, दुसरा बांधणाऱ्याचा. ‘कळसाला पोहोचणे’ असाही प्रयोग होतो, पण तो शिखराच्या संगतीने आलेला असावा, असे मला वाटते.

मग पुन्हा ओव्यांकडे गेलो आणि घाईघाईत ओलांडलेली ओळ सापडली : ‘नोहे कळसापरतें कांहीं । प्रासादीं काम नाहीं ॥’ कळसापलीकडे प्रासादात काही काम उरत नाही. ज्ञानदेव इथे उंचीबद्दल अवाक्षरही बोलत नाहीत, ते काम संपल्याबद्दल बोलतात. थोड्याच अंतरावर आणखी एक ओळ आहे : ‘जालया कामा नाहीं चोरी । ते कळसें होय उजरी ॥’ झालेल्या कामात कुठे चुकारपणा राहिलेला नाही, हे कळसामुळे उघड होते, असा याचा अर्थ मी लावतो. कामात चोरी करणे हा प्रयोग आपण आजही त्याच अर्थाने करतो.

पहिली ओळ खोडली. ‘कळस : देवळाच्या बांधकामाचा अखेरचा भाग, जो बसल्यावर बांधकाम पूर्ण झाले असे मानतात.’ उंची त्यानंतरच्या वाक्यात आली.

२९ जून

आज आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान झाले. प्रस्थानाच्या वेळी समाधिमंदिराचा कळस हलतो आणि मग पालखी निघते, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. टीव्हीवर सारे प्रांगण टाळमृदंगावर नाचत होते आणि कॅमेरा मधूनच कळसावर जात होता. मी मात्र हातात बहिणाबाईंचा अभंग घेऊन बसलो होतो.

‘संतकृपा झाली । इमारत फळा आली ॥’ शिऊरच्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) या तुकोबांच्या शिष्या. त्यांच्या या अभंगातले ‘तुका झालासे कळस’ हे चरण पाठ नसलेला मराठी माणूस विरळा. पण ते सुटे म्हटले जाते, आणि सुटे म्हटले की तुकोबा सर्वांत थोर, एवढाच अर्थ निघतो. पूर्ण अभंगात ती थोरवीची उतरंड नसून कामाची वाटणी आहे. ज्ञानदेवांनी पाया रचला, एकनाथांनी भागवताचा खांब दिला, तुका कळस झाला. चार शतकांचे बांधकाम एका जागी पूर्ण झाल्याची ही वार्ता आहे, आणि ती सांगणाऱ्या बहिणाबाईंनी तुकोबांच्या पश्चात पन्नास वर्षे काढली. कळस बसलेला पाहणाऱ्या माणसाचे हे बोलणे आहे. म्हणूनच पुढचा चरण ‘भजन करा सावकाश’ असा येतो. काम संपले आहे, आता घाई नाही. ‘सावकाश’ हा शब्द ‘कळस’शी केवळ यमकासाठी जुळवलेला नाही.

पाठभेदांचा त्रास इथेही आहे. नामदेवांच्या चरणात कुठे ‘तेणें केला हा विस्तार’ असे आहे, तर कुठे ‘तेणें रचिलें तें आवार’ असे. मी ‘आवार’ घेतला. देवळाला विस्तारापेक्षा आवार जास्त शोभते, आणि कीर्तन घेऊन पंजाबपर्यंत गेलेल्या नामदेवांनी संप्रदायाला खरोखरच मोठे आवार दिले. एकनाथांच्या चरणातही कुठे ‘खांब’ येतो, तर कुठे ‘ध्वज उभारिला’ असे येते. ध्वज घेतला तर कळसाआधीच ध्वज लागतो आणि पुढे ‘बहिणी फडकती ध्वजा’ म्हणण्यात पुनरुक्ती होते. बांधकामाच्या दृष्टीने खांबच बरोबर बसतो.

आणखी एक बारकावा. पहिल्याच चरणातला ‘इमारत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला, आणि त्याची सांगड ‘फळा आली’ या शेतातल्या प्रयोगाशी घातलेली. पुढे लगेच ‘देवालय’ येते. बहिणाबाईंना शब्दांच्या जातीशी काही कर्तव्य नव्हते.

ज्ञानदेवांप्रमाणे इथेही कळसाच्या वर ध्वज आहे. मग ‘कळसापरतें कांहीं नाहीं’ याचे काय? माझे उत्तर असे की ध्वज हे कापड आहे. ते फाटते, पुन्हा बदलले जाते. ते बांधकामात मोजले जात नाही.

४ जुलै

आज वाईट अर्थाचा भाग लिहिला. ‘मूर्खपणाचा कळस’, ‘निर्लज्जपणाचा कळस’, ‘आता मात्र कळस झाला’. पवित्र शब्दाचा असा उपयोग कसा होऊ लागला, याविषयी खर्ड्यात मी आधी अर्थाची अधोगती वगैरे लिहिले होते, तो परिच्छेद काढून टाकला. अधोगती झालेलीच नाही. एखाद्याने मूर्खपणाची भूमीवर भूमी चढवत नेली आणि शेवटी असे काही केले की त्यापुढे करण्यासारखे काही उरलेच नाही, तेव्हा आपण कळस म्हणतो. बोलणारा चिडलेला असला तरी त्याने वापरलेला अर्थ ज्ञानदेवांचाच आहे.

जवळच्या शब्दांशी ताडून पाहिले. ‘कहर’ अरबीतला, मूळ अर्थ कोप. तो कोसळतो, त्याला पायऱ्या नसतात. ‘शीग’ ही धान्य मापताना मापावर येणारी रास. ती ओसंडते, म्हणून उत्सुकता शिगेला पोहोचते, पण उत्सुकतेचा कळस सहसा होत नाही. नाटकाच्या समीक्षेत ‘उत्कर्षबिंदू’ असतो. त्याला कळस म्हणावे असे गटात एकाने सुचवले होते. पण उत्कर्षबिंदूनंतर नाटक आणखी काही वेळ चालते, गाठी सुटतात आणि मग पडदा पडतो. कळसानंतर तसे काही चालत नाही, म्हणून ही सूचना बाजूला ठेवली.

९ जुलै

‘आधी कळस मग पाया’ हा प्रयोग राहिला होता. उलट्या क्रमाने केलेल्या कामाला हे म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला ते अशक्य वाटते. वेरूळला ते शक्य झालेले आहे. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे, जे आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या नावाशी जोडले जाते, ते डोंगर वरून खाली कोरत नेलेले आहे. तिथे माथा आधी झाला आणि जोते शेवटी उघडे पडले.

कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात याची एक आख्यायिका आहे. राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही, असा नवस माणिकावती राणीने केला. राजा बरा झाला, पण देऊळ पुरे व्हायला वर्षे लागणार. तोवर राणी जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती आला आणि त्याने वरून खाली कोरायला सुरुवात केली, त्यामुळे थोड्याच दिवसांत राणीला कळस दिसला.

इतिहास म्हणून या कथेला फारसे वजन देता येणार नाही, पण शब्दार्थासाठी ती मोलाची आहे. राणीने ‘देऊळ पुरे होईपर्यंत’ असे न म्हणता ‘कळस दिसेपर्यंत’ असे म्हटले, कारण तिच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मनात दोन्हींचा अर्थ एकच होता. कोकसाने नेमकी हीच फट पकडली. कळस म्हणजे शेवट हे सगळ्यांना मान्य नसते, तर त्याची युक्ती ही युक्तीच ठरली नसती.

१७ जुलै

आषाढी एकादशी. पंढरपुरात आज ज्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही ते नामदेव पायरीशी माथा टेकतात किंवा कळसाला हात जोडून परत फिरतात, आणि वारी पोहोचली असे मानतात. ‘दुरूनि कळसु दिसे’ ही ओवी त्यांना पाठ असो वा नसो, तिच्या आधारानेच हा व्यवहार चालतो.

पण याच ओवीला दुसरी बाजू आहे, आणि ती टिपणातून गाळणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्यांना देवळात जाण्यास मनाईच होती, त्यांच्या वाट्याला कळसच तेवढा आला. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या जवळ, म्हणजे उंबऱ्याबाहेर आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना उघडण्याचा निर्णय झाला. तोपर्यंतच्या कित्येक पिढ्यांना ‘भेटीचि हातवसे’ या शब्दांचा अनुभव बाहेरूनच घ्यावा लागला. ज्ञानदेव त्याच प्रकरणात पुढे सांगतात की कोणी जपाने या प्रासादाची बाहेरून प्रदक्षिणा करतात, कोणी ऐकण्याच्या निमित्ताने त्याच्या सावलीत बसतात, कोणी अर्थज्ञानाच्या गाभाऱ्यात शिरतात, आणि मोक्षाच्या प्रासादात सगळ्यांना सारखेच स्थान आहे. ओवीतल्या देवळात ही समता होती. दगडी देवळात ती यायला साडेसहाशे वर्षे लागली. हा परिच्छेद जोडल्यामुळे टिपण मर्यादेबाहेर गेले आहे. व्युत्पत्तीतला काही भाग कापून जागा केली.

२२ जुलै

तांबट आळीतल्या कारागिरांनी कळवले म्हणून त्या गावी गेलो. कळस सकाळी चढला होता. मी पोहोचेपर्यंत गुलाल खाली बसला होता आणि मांडवात पंगत चालू होती. ध्वज अजून लावायचा होता. वर पाहिले तर छातीएवढे ते तांबे पुन्हा मुठीएवढे झाले होते, ठोके दिसत नव्हते, पण ऊन खरोखरच चांगले धरले होते. या खेपेस न विसरता पहिल्या भांड्याचे नाव विचारले. कारागीर म्हणाले, “आम्ही बैठकच म्हणतो.” ‘पडघाणी’ हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. मी ओवी म्हणून दाखवली, तेव्हा त्यांनी ती दोनदा म्हणायला लावली.

देवळाच्या मागच्या बाजूला दोन गडी परांची सोडवत होते. वरच्या बांबूंच्या गाठी आधी सुटत होत्या, बांबू खाली येत होते आणि शिखराचा एकेक थर मोकळा दिसू लागला होता. त्यांनी कोणाला काही विचारले नव्हते. कळस बसला होता, तेव्हा आता परांची काढायची, इतकेच.

टिपण आज रात्री अंतिम करून पाठवले. ‘पडघाणी’ला वेगळे टिपण द्यावे, अशी शिफारस सोबत जोडली आहे. उद्यापासून ‘ओवरी’.